मोटारीच्या चकाकीचा हिशेब

खंडेनवमीला शस्त्रे आणि अवजारे पुजायची आणि दसऱ्याला वाहने धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार घालायचे, ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे. तिच्यात दिखाऊपणा नाही. लेथवरचा कामगार लेथ पुसतो, एसटीचा चालक समोरची काच लख्ख करून तिच्यावर हार बांधतो, शिंपी यंत्राला तेल घालतो, तेव्हा ज्या वस्तूवर पोट चालते तिच्याविषयीची कृतज्ञता त्यात असते. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत शहरांतील खाजगी मोटारींच्या बाबतीत जे काही चालते त्याला मात्र पूजा म्हणता येणार नाही, आणि नीट पाहिले तर निगाही म्हणता येणार नाही. मोटार चालते कशी, ब्रेक लागतात की नाही, चाकांत हवा पुरेशी आहे की नाही, याची फारशी चौकशी न करणारी माणसे तिच्या बॉनेटमध्ये आपले तोंड दिसते की नाही याविषयी विलक्षण दक्ष असतात. या दक्षतेवर आज एक मोठा धंदा उभा आहे. पॉलिश, मेण, टेफ्लॉन, सिरॅमिक अशी एकाहून एक भारदस्त नावे घेऊन तो ग्राहकासमोर येतो. ही चकाकी कशाची बनलेली आहे आणि तिची किंमत नेमकी कोणाच्या खात्यावर पडते, हे पाहण्यासारखे आहे.

चकाकी हा रंगाचा गुण नव्हे, पृष्ठभागाचा आहे. पृष्ठभाग सपाट असेल तर त्यावर पडलेला प्रकाश एकाच दिशेने परततो आणि प्रतिबिंब दिसते; त्यावर सूक्ष्म ओरखडे असतील तर तोच प्रकाश चहूकडे विखुरतो आणि रंग मातकट, निस्तेज भासतो. नदीपात्रातला वाळलेला दगड करडा दिसतो आणि तोच ओला झाला की काळाभोर दिसतो, त्यामागचे कारण बव्हंशी हेच आहे. पाण्याने त्याच्या पृष्ठभागावरील खाचखळगे भरून काढलेले असतात. मोटारीवर चोळलेले मेणही तेवढेच करते. मेणाचा वक्रीभवनांक रंगावरच्या पारदर्शक लेपाच्या वक्रीभवनांकाच्या जवळपास असल्यामुळे मेणाने भरलेला ओरखडा डोळ्यांना दिसेनासा होतो. तो नाहीसा होत नाही, झाकला जातो. दोन-तीन महिन्यांत ऊन, पाऊस आणि साबण यांनी मेण धुऊन गेले की ओरखडा जिथल्या तिथे असतो. पॉलिशची गोष्ट याहून वेगळी. त्यात बारीक घासणारी पूड असते आणि ती ओरखड्याच्या आजूबाजूचा भाग झिजवून सगळेच खोलगटाच्या पातळीला आणते. म्हणजे मेण भर घालते आणि पॉलिश वजा करते. बाजारात मात्र दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, आणि ग्राहकाला आपण नेमके काय विकत घेतले याचा पत्ता लागत नाही.

या वजाबाकीला अर्थ असा एक काळ होता. मोटारी जेव्हा घोडागाड्यांप्रमाणेच वॉर्निशाने रंगवल्या जात तेव्हा एका गाडीचे रंगकाम पुरे व्हायला कित्येक आठवडे लागत. फोर्ड कंपनीने १९१४ ते १९२५ या काळात आपली 'मॉडेल टी' केवळ काळ्याच रंगात विकली, त्यामागेही उत्पादनाच्या वेगाचे आणि खर्चाचेच गणित होते. ती कोंडी फोडली नायट्रोसेल्युलोजच्या रंगाने. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीचा 'ड्युको' हा रंग १९२४ सालच्या ओकलंड मोटारींवर आला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. त्या रंगाचे नाव आपल्याकडच्या गॅरेजांत इतके रुजले की पुढे कोणत्याही कंपनीच्या, कोणत्याही जातीच्या रंगाला 'ड्युको' म्हणण्याचा प्रघातच पडला. पण या रंगांची एक खोड होती. ते वाळले की मंद दिसत, घासल्याशिवाय त्यांना झळाळी येत नसे आणि उन्हात त्यांचा वरचा थर खडूसारखा भुरभुरीत होई. अँबॅसडर आणि फियाट यांच्या जमान्यात रविवारी सकाळी गाडी चोळणाऱ्याच्या पिवळ्या फडक्याला गाडीचाच रंग लागलेला असे, तो यामुळे. मोटारीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, मिळालेली मोटार पंधरा-वीस वर्षे टिकवावी लागे, पत्रा गंजू नये म्हणून सतत झटावे लागे. त्या काळातले पॉलिश ही हौस कमी आणि गरज अधिक होती.

आज ती परिस्थिती राहिलेली नाही. प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सीदेखील ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आताच्या मोटारीचा पत्रा विजेच्या प्रक्रियेने दिलेल्या गंजरोधक थराखाली सुरक्षित असतो. त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक लेप असतो. हा लेप साधारण चाळीस ते पन्नास मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. सूर्याचे अतिनील किरण अडवण्याचे काम त्याच्याकडे असते. यंत्रावर चढवलेल्या जाड पॉलिशाने, ज्याला गॅरेजात 'रबिंग' म्हणतात, त्याचा दोन-चार मायक्रॉन थर एका खेपेस निघून जातो. दर सहा महिन्यांनी हौसेने रबिंग करवून घेणारा मालक गाडी सांभाळत नसतो, तिचे वरचे कातडे सोलून घेत असतो. पाच-सात वर्षांत छपरावर आणि बॉनेटवर जे पांढरट चट्टे दिसू लागतात त्यांचा दोष तो मग उन्हाला देतो.

जाहिरातदारांनी या अज्ञानावर रचलेले इमले पाहण्यासारखे आहेत. काही वर्षांपूर्वी 'टेफ्लॉन कोटिंग'ची चलती होती. टेफ्लॉन हा पदार्थ तव्यावर बसवायचा तर तीनशे अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागते. रंगवलेली मोटार त्या तापमानाला नेली तर मोटारीवर रंग म्हणून काही उरणारच नाही. मग बाटलीतून फासलेले टेफ्लॉन पत्र्याला कसे धरून राहते, हा प्रश्न नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही पडावा. पण काउंटरवर पैसे मोजणाऱ्या सुशिक्षितांपैकी फारच थोड्यांना तो पडला. त्यानंतर सिरॅमिकचे युग आले. त्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. सिलिकॉनच्या संयुगांचा हा एक-दोन मायक्रॉनचा थर मेणापेक्षा खूपच अधिक टिकतो, पाणी आणि चिखल त्यावर कमी चिकटतात. पण 'नाईन एच कठीणपणा' असे जे त्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते ते फसवे आहे. हा आकडा खनिजांच्या मोहस् मापनातला नाही, तो पेन्सिलींच्या मापनातला आहे. ज्या मालिकेत शाळकरी मुलांची एचबी पेन्सिल मध्यावर येते, त्याच मालिकेच्या टोकाची ही पेन्सिल! तिने ओरखडा उठला नाही एवढाच त्या परीक्षेचा अर्थ. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असते, मोहस् मापनात त्याचा कठीणपणा सात, आणि पेन्सिलीतल्या शिशाची त्याच्यापुढे काही मातब्बरी नाही. हिऱ्याशी तुलना करून हजारो रुपये घ्यायचे आणि हमी मागितली की पेन्सिल पुढे करायची, असा हा व्यवहार आहे.

ही झाली ग्राहकाची फसवणूक, आणि तीही अशा ग्राहकाची की ज्याला ती परवडते. तिच्यासाठी अग्रलेखाच्या पानावर जागा अडवण्याचे कारण नव्हते. पण चकाकीचे काही देणेकरी याहून दूर आणि याहून गरीब आहेत.

उत्तम प्रतीच्या मोटार-मेणाच्या डब्यावर ताडासारख्या पंखेदार पानांच्या झाडाचे चित्र किंवा 'कार्नाउबा' हा शब्द पुष्कळदा आढळतो. हे ताडकुळातले झाड ब्राझीलच्या ईशान्य भागात होते. सिआरा, पिआउई आणि रिओ ग्रांदे दो नोर्ते ही त्याची मुख्य राज्ये. (त्याच्या शास्त्रीय प्रजातीला कोपर्निकस या खगोलशास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे, ही आपली जाता जाता सांगण्याजोगी गोष्ट.) तो प्रदेश अवर्षणाचा, काटेरी झुडपांचा, वर्षातले कित्येक महिने पावसाचा थेंब न पाहणारा. मराठवाड्यातील किंवा माणदेशातील वाचकाला त्याचे फार वर्णन करून सांगण्याची जरुरी नाही. अशा कोरड्या हवेत पानांतले पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड आपल्या पानांवर मेणाची पूड धरते. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला मण्यावरची पांढरी लव ओळखीची असते, तीही मेणाचीच. कार्नाउबाच्या पानावर ती इतकी दाट असते की झटकली तर पिठासारखी खाली पडते. नैसर्गिक मेणांत हे सर्वांत कठीण. ब्याऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय ते वितळत नाही, म्हणून तापलेल्या पत्र्यावर ते टिकते. मात्र शुद्ध स्वरूपात ते इतके ठिसूळ असते की हाताने फासताच येणार नाही. डब्यात इतर मेणे आणि द्रावके यांचाच भरणा अधिक असतो, आणि 'शंभर टक्के कार्नाउबा' या शब्दांचा अर्थ डब्यातला सगळा माल कार्नाउबाच असा होत नाही.

हे मेण जमवण्याची रीत शतकभरात फार बदललेली नाही. कोरड्या ऋतूत, वर्षाच्या उत्तरार्धात, मजूर लांबच लांब काठीच्या टोकाला विळा बांधून झाडाखाली उभा राहतो आणि डोक्यावरची पाने छाटतो. देठांना दोन्ही कडांनी काटे असतात. पडलेली पाने गोळा करून, मोळ्या बांधून, गाढवावरून किंवा ट्रकमधून वाळवणीच्या जागी न्यायची. कित्येक दिवस उन्हात पसरून ठेवायची. मग झोडपून किंवा यंत्रात घालून पूड वेगळी करायची आणि ती वितळवून गाळून घ्यायची. पूड काढताना ती नाकातोंडात जाते आणि डोळ्यांत बसते. एका झाडावरून वर्षाकाठी निघणारे मेण इतके थोडे की पुष्कळ झाडे छाटल्याखेरीज पदरी काही पडत नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या रॅसीन गावी १८८६ साली लाकडी फरशा विकण्याचा एक धंदा सुरू झाला. फरशा विकत घेणारे लोक त्या चकचकीत कशा ठेवायच्या असे विचारू लागले, तेव्हा मालकाने मेण विकायला घेतले, आणि पाहता पाहता फरशी मागे पडून मेण हाच मुख्य धंदा झाला. संस्थापकाचा नातू एच. एफ. जॉन्सन धाकटे हे १९३५ साली सिकॉर्स्की जातीचे जल-स्थल विमान घेऊन थेट सिआराची राजधानी फोर्तालेझा येथे पोहोचले. आपल्या मालाचे झाड किती आहे, कुठे आहे आणि ते पुढेही मिळत राहील काय, हे त्यांना स्वतः पाहायचे होते. त्या सफरीचे वर्णन साहसकथा म्हणून पुष्कळदा झाले आहे आणि तिच्यात साहस होतेच. कच्च्या मालाचा शोध घेण्यासाठी समुद्र ओलांडून विमान गेले. विळा धरणाऱ्याचा शोध घेण्यासाठी जगाला पुढे कित्येक दशके लागली.

सिआराचा इतिहास या बाबतीत मोठा विलक्षण आहे. ब्राझीलने १८८८ साली कायद्याने गुलामगिरी रद्द केली. पाश्चात्त्य गोलार्धात असे करणारा तो शेवटचा देश. पण सिआरा प्रांताने ती त्याच्याआधी चार वर्षे, मार्च १८८४ मध्येच रद्द केली होती. त्यापूर्वी १८८१ साली फोर्तालेझाच्या बंदरातील तराफेवाल्यांनी, फ्रान्सिस्को जोझे दो नासिमेंतो या नावाड्याच्या पुढाकाराने, गुलामांना जहाजापर्यंत पोहोचवायचे साफ नाकारले आणि दक्षिणेकडे चाललेली माणसांची विक्री बंदरातच अडवून धरली. या पराक्रमामुळे सिआराला 'प्रकाशाची भूमी' असे बिरुद मिळाले, आणि ते अजूनही अभिमानाने मिरवले जाते. त्याच भूमीने २००४ साली कार्नाउबाला राज्याचे मानचिन्ह-वृक्ष ठरवले. आणि त्याच प्रदेशात, कार्नाउबाच्याच बनांत, ब्राझीलच्या श्रम निरीक्षकांना एकविसाव्या शतकात गुलामीसदृश परिस्थितीत राबणारे मजूर वारंवार सापडले आहेत.

'गुलामीसदृश' हा येथे वक्तृत्वाचा शब्द नाही, कायद्याचा आहे. ब्राझीलच्या दंडसंहितेचे १४९ वे कलम जबरदस्ती, कर्जाचा फास, अतिश्रम यांच्या बरोबरीने माणसाला न शोभणाऱ्या हीन परिस्थितीत काम करून घेणे हाही त्यात मोडणारा गुन्हा मानते. जर्मनीच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने २०१७ साली एक माहितीपट दाखवला. त्यातले मजूर उघड्यावर किंवा ट्रकमध्ये झोपत होते, गाळल्याविना नदीचे पाणी पीत होते, शौचाची सोय नव्हती, काही मजूर तर अल्पवयीन होते. रोज सुमारे चाळीस रिआल, म्हणजे त्या वेळचे बारा डॉलर. त्या माहितीपटाचा विषय मोटारीचे मेण हा नव्हता, मुलांच्या गोळ्या-मिठायांना चमक आणणारे मेण हा होता. पण पान तेच आणि विळाही तोच. हे मेण औषधांच्या गोळ्यांवर असते, फळांवर असते, पायातल्या बुटांवर असते. दोषी ठरलेल्या मालकांची नावे ब्राझीलचे सरकार एका यादीत प्रसिद्ध करते आणि त्या यादीला तिथले लोक 'मळकी यादी' म्हणतात. जगातल्या सर्वांत चकचकीत वस्तूंना झळाळी पुरवणाऱ्या उद्योगातली नावे या यादीत जावीत, ही गोष्ट कोण्या उपरोधकाराने रचली असती तर ती ओढूनताणून आणल्यासारखी वाटली असती.

यावर एक उत्तर तयार असते. पुण्या-मुंबईच्या मोटारमालकाने सिआराच्या मजुराची चिंता कशी काय वाहावी? उत्तर अगदीच चूक नाही. डब्यातले मेण कोणत्या बनातून आले हे त्याला कळण्याची सोय नसते. ती सोय करणे हे मेण विकत घेणाऱ्या कंपन्यांचे काम आहे, आणि गवगवा झाल्यानंतर त्यांतल्या काहींनी ते करायला घेतलेही आहे. पण चकाकीचा दुसरा देणेकरी इतका लांबचा नाही. तो रोज पहाटे सोसायटीच्या फाटकातून आत येतो.

पाच-साडेपाचला, दिवे अजून लागलेले असताना, हातात बादली आणि खांद्यावर फडके घेऊन येणारा हा माणूस शहरातल्या प्रत्येक वसाहतीला ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणजे काय, तर 'गाडीवाला' एवढेच त्याचे नाव. त्याचे आडनाव, गाव, मुले किती, हे पन्नास गाड्यांच्या मालकांतील पाच जणांनाही सांगता येणार नाही. आठ वाजायच्या आत त्याला वीस-पंचवीस, कधी याहूनही अधिक गाड्या पुसून काढायच्या असतात, कारण त्यानंतर त्या कचेऱ्यांकडे निघतात. दर गाडीमागे महिन्याला काही शे रुपये मिळतात. आजारी पडला तर खाडा, गावी गेला तर बदली माणूस स्वतःच्या खिशातून. पावसाळ्यात पाय आणि हात सतत ओले, हिवाळ्यात गार पाण्याने बोटांना चिरा पडलेल्या. गाडीवर कुठे नवा ओरखडा दिसला तर पहिला संशय त्याच्यावर. रंगाच्या गॅरेजातल्या पोऱ्याची स्थिती तर याहूनही वाईट: लांबी घासताना उडणारी पूड आणि फवाऱ्याच्या रंगातली आयसोसायनेटे छातीत भरून घेत तो नाकाला केवळ रुमाल बांधून उभा असतो, आणि या रसायनांनी दमा जडतो हे वैद्यकाला कितीतरी वर्षांपासून माहीत आहे.

आणि इथे एक मौजेची गोष्ट आहे. पहाटेच्या या माणसाकडून जे काम रोज करून घेतले जाते ते गाडीच्या दृष्टीने बव्हंशी घातक असते. रात्रभर गाडीवर बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती कोरड्या किंवा जेमतेम ओल्या फडक्याने गोल गोल चोळणे म्हणजे फडक्याचा पॉलिशपेपर करून गाडीवर फिरवणे. एका बादलीत दहा गाड्यांचे फडके बुचकळले जाते, तेव्हा दहाव्या गाडीला पहिल्या नऊ गाड्यांची वाळू लागते. उन्हात काळ्या मोटारीच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी जी वर्तुळे दिसतात ती बहुतांशी याच रोजच्या पुसण्याची असतात. मग ती वर्तुळे घालवायला रबिंग, रबिंगने पातळ झालेला लेप वाचवायला सिरॅमिक, आणि सिरॅमिकवरची धूळ झटकायला पुन्हा रोज पहाटेचे फडके! मालक दमड्या मोजून हे चक्र फिरते ठेवतो. दोष पुसणाऱ्याचा नाही. पंचवीस गाड्या अडीच तासांत म्हटले की एका गाडीला सहा मिनिटे येतात आणि सहा मिनिटांत याहून वेगळे काही होऊ शकत नाही. रोज गाडी पुसून मिळाली पाहिजे, हा आग्रह मालकाचा आहे.

पाण्याचाही विचार करावा लागेल. मिनिटाला दहा-पंधरा लिटर सोडणारी नळी दहा मिनिटे मोकळी ठेवली की एका मोटारीवर शंभर-दीडशे लिटर पाणी ओघळून गटारात जाते, आणि पुष्कळ ठिकाणी ते पिण्याचेच असते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी गेली तेव्हा तिच्यात सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मोटारीमागे दीडशे लिटर धरले तर नळीने धुतल्या जाणाऱ्या साडेतीन हजार मोटारींनाही ते पुरले नसते. लातूरकर मात्र त्याची वाट पाहत होते. बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास बंदी घालून पाच हजार रुपये दंड ठेवला, तेव्हा त्यावर बरीच कुरकुर झाली. पण दंड हा शेवटचा उपाय. त्यातही तो बसतो तेव्हा नळी कोणाच्या हातात असते? पहाटेच्या त्याच माणसाच्या. टँकरच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्याने धुऊन गाडी उन्हात वाळू दिली की क्षारांचे पांढरे ठिपके लेपात घर करतात, ही शिक्षा तेवढी थेट मालकाला मिळते.

मोटार मुळी धुऊच नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक लवकर काढले नाहीत तर ते लेप खातात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्याच्या चिखलात मोटार वेळोवेळी नीट धुतलीच पाहिजे, आणि वर्षातून दोनदा मेणाचा हात फिरवण्यात काहीही गैर नाही. पण नीट धुणे म्हणजे आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, आधी पाण्याने धूळ खाली सोडून, एक साबणाची आणि एक फडके खंगाळण्याची अशा दोन बादल्या घेऊन, मऊ स्वच्छ फडक्याने वरून खाली. त्याला तीस-चाळीस लिटर पाणी पुरते आणि वीस मिनिटे लागतात. रोजच्या सहा मिनिटांची आठवड्याला बेचाळीस होतात. दोन चांगल्या धुण्यांना चाळीस. म्हणजे पुसणाऱ्याच्या श्रमाचे तास तेच राहतात, गाडी अधिक टिकते, ओरखडे कमी होतात आणि माणसाला आठवड्यातून एक दिवस अंथरुणात सहा वाजेपर्यंत पडता येते. महिन्याचा दर तोच ठेवण्यात मालकाचा एक पैसाही अधिक जात नाही. रबिंगचे वाचतात ते निराळेच.

'गाडी रोज पुसली नाही तर पैसे कशाचे?' असा प्रश्न सोसायटीच्या सभेत हमखास येईल. ज्या वर्गाला रविवार, सणवार, किरकोळ रजा आणि अर्जित रजा यांचा हिशेब बोटांवर असतो त्याच वर्गाकडून तो यावा, ही खेदाची गोष्ट आहे. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी कायदा केला आणि ज्यांचा एक असा मालक नाही अशा हमालांनाही मंडळामार्फत भविष्यनिर्वाह निधी मिळू शकतो हे देशाला दाखवून दिले. १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी तसाच कायदा आला. म्हणजे फाटकावर बसणाऱ्या माणसाचा विचार या राज्याने चार दशकांपूर्वी केला. त्याच फाटकातून पहाटे बादली घेऊन आत येणाऱ्या, पन्नास मालक असलेल्या माणसाच्या नावाचे मंडळ मात्र नाही. ते व्हावे, ही मागणी रास्त आहे. पण तोवर सोसायट्यांना हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही.

सहकार कायद्याप्रमाणे गृहनिर्माण संस्थांना आपली वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. वाहनतळाच्या पट्ट्या, पाहुण्यांच्या गाड्या आणि तळघरातली गळती यांवर त्या सभांत तासन्‌तास खल होतो. त्याच कार्यक्रमपत्रिकेवर आणखी एक विषय घालता येईल: गाड्या आठवड्यातून दोनदा धुतल्या जातील, मासिक दर आहे तोच राहील, आठवड्याची एक सुटी आणि आजारपणाचे चार दिवस भरपगारी धरले जातील, पिण्याच्या पाण्याऐवजी पुनर्वापराचे पाणी येणारा एक नळ वाहनतळात बसवला जाईल आणि पहाटे येणाऱ्या माणसाला हातपाय धुवायला, कपडे बदलायला रखवालदाराच्या खोलीत एक खुंटी मिळेल. इतिवृत्तात त्याचे पूर्ण नाव लिहावे लागेल, तेव्हा ते सचिवाने त्याला आधी विचारून ठेवावे.